पाण्याची साक्ष आणि खोळींतलीं यंत्रें

गेल्या पावसाळ्याच्या सुरवातीस एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाण्याचा आम्हांस प्रसंग आला. काम कज्जाचें होतें, शास्त्राचें नव्हतें. परंतु कागदपत्रें निघेपर्यंत वेळ होता, म्हणून एका तरुण अध्यापकानें आम्हांस तेथील जलप्रवाहाची प्रयोगशाळा दाखविली. दालन प्रशस्त, फरशी स्वच्छ, भिंतीवर थोर शास्त्रज्ञांच्या तसबिरी. मध्यभागीं पितळी तोट्यांचीं व कांचेच्या नळ्यांचीं चार-पांच यंत्रें उभीं, आणि प्रत्येकावर मेणकापडाची खोळ. एका यंत्राच्या टाकींत पाण्याऐवजीं जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. हीं यंत्रें केव्हां चालतात असें विचारतां, तपासणीस मंडळी यावयाची असली म्हणजे एक चालतें, बाकीच्यांचे पंप नादुरुस्त असून दुरुस्तीची मंजुरी आलेली नाहीं, असें उत्तर मिळालें. मग मुलांच्या प्रयोगवह्यांतील आंकडे कोठून येतात? मागील वर्षाच्या वह्यांतून. आणि मागील वर्षाच्या वह्यांतील? ह्यावर तो अध्यापक नुसता हंसला. पण तें हंसणें सुखाचें नव्हतें.

त्या अध्यापकाचें किंवा संस्थेचें नांव घेण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. त्यानंतर आम्हीं आमच्या परिचयाच्या अनेक विद्यार्थ्यांस हाच प्रश्न विचारला, आणि थोडाफार फरक सोडल्यास उत्तर एकच मिळालें. तेव्हां दोष एका घराचा नसून सबंध आळीचा आहे, असें समजूनच आम्ही लिहीत आहों.

वकिलीच्या धंद्यांत आमचीं वीस वर्षें गेलीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें एक तत्त्व प्रत्येक वकिलाच्या हाडीं खिळलेलें असतें: तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, जी गोष्ट पाहिली म्हणून सांगावयाची, ती पाहणारानेंच येऊन सांगितली पाहिजे. त्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली, तरी हें तत्त्व जागचें हललेलें नाहीं. आतां जो विद्यार्थी छिद्रांतून पडणारें पाणी एकदांहि न मोजतां वहींत त्याचे आंकडे लिहितो, तो काय करतो? ऐकीव गोष्ट तो प्रत्यक्ष पाहिली म्हणून शपथेवर सांगतो. न्यायमंदिरांत असें करणारास शिक्षा होते. विद्यामंदिरांत त्याला दहापैकीं नऊ गुण पडतात! आणि हाच तरुण पुढें नगरपालिकेच्या नळांचा किंवा पाटबंधाऱ्याच्या दारांचा हिशेब करावयास बसतो. पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि दोन प्रहरीं पुण्याच्या पेठांतून पाणी कसें शिरलें हें सांगणारीं वडील मंडळी अजून आपल्यांत आहेत. त्या अपघाताचा दोष प्रयोगवह्यांवर लादण्याचा आमचा हेतु नाहीं. इतकेंच म्हणणें आहे कीं, जें शहर धरणांच्या पायथ्याशीं नांदतें, त्या शहराच्या मुलांस पाण्याचा स्वभाव पुस्तकांतूनच कळावा ही गोष्ट साधी नव्हे.

द्रव आणि वायु ह्यांच्या गतीचें जें शास्त्र, ज्यास परिभाषेंत द्रायुयामिकी म्हणतात, तें शिकविण्यास मोठीं यंत्रें लागतात, आणि यंत्रांस पैसा लागतो, म्हणून पैसा येईपर्यंत खडूफळ्यावर भागवावें लागतें, असा युक्तिवाद नेहमीं ऐकूं येतो. हा युक्तिवाद त्या शास्त्राच्या इतिहासापुढें क्षणभरहि टिकत नाहीं. भांड्याच्या छिद्रांतून निघणाऱ्या धारेच्या वेगाचा नियम टॉरिचेल्लीनें १६४४ मध्यें प्रसिद्ध केला. त्यास भांडें, छिद्र आणि डोळे ह्यांपलीकडे फारसें कांहीं लागण्यासारखें नाहीं. १८८३ मध्यें मँचेस्टर येथें ऑस्बर्न रेनल्ड्सनें नळींतील पाणी केव्हां शिस्तीनें सरळ वाहतें व केव्हां गोंधळून फिरूं लागतें ह्याचा निकाल लावला, तो पाण्याची टाकी, कांचेची नळी आणि रंगीत पाण्याची एक बारीक धार एवढ्या सामुग्रीवर. त्याचें मूळ यंत्र मँचेस्टरांत जतन करून ठेविलें आहे. पुढें कोणीं तोच प्रयोग त्याच यंत्रावर करून पाहिला, तों रस्त्यांवरील मोटारींच्या धक्क्यांनीं पाणी रेनल्ड्सच्या वेळेपेक्षां लौकर गोंधळूं लागलें, असें सांगतात. म्हणजे खुद्द मूळ यंत्रालाहि भोंवतालच्या जगाचा उपसर्ग चुकत नाहीं; मग आमच्या बादलीच्या प्रयोगास तो होतो म्हणून नाक मुरडण्याचें कारण काय?

ह्या इतिहासांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती आमच्या वाचकांनीं आपल्या मुलींस अवश्य सांगावी. जर्मनींत ब्राउनश्वाइग गांवीं आग्नेस पोकेल्स नांवाची मुलगी होती. जन्म १८६२ चा. तेव्हां त्या देशाच्या विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांस बंद. घरीं आजारी आईबापांची शुश्रूषा आणि स्वयंपाकघर हेंच तिचें महाविद्यालय. खरकटीं, तेलकट भांडीं घासतांना पाण्याच्या पृष्ठभागाची वागणूक बदलते, हें तिच्या ध्यानांत आलें. तुम्हांआम्हांसहि तें रोज दिसतें, पण आपण भांडें विसळून मोकळे होतों. तिनें पत्र्याची एक लांबट पन्हळ करून घेतली, कांठोकांठ पाण्यानें भरली, आणि पृष्ठभागावर आडवी पट्टी सरकवून तेलकट भाग दाबण्याची व पसरण्याची सोय केली; बटणाएवढी चकती तराजूस टांगून, ती पाण्यावरून उचलण्यास किती वजन लागतें ह्यावरून पृष्ठताण मोजला. दहा वर्षें हा उद्योग चालला. शिकणारा भाऊ पुस्तकें धाडी, तीं ती रात्रीं वाची. १८९१ च्या जानेवारींत तिनें आपलीं मापें इंग्लंडांत लॉर्ड रॅले ह्यांस पत्रानें कळविलीं. रॅले स्वतः त्याच विषयावर काम करीत होते. एखाद्या हलक्या मनाच्या माणसानें तें पत्र टोपलींत टाकलें असतें. त्यांनीं पत्नीकडून त्याचें भाषांतर करविलें व ‘नेचर’ पत्राकडे शिफारस करून धाडलें. मार्च महिन्यांत तें छापून आलें. पुढें अमेरिकेंत लँगमूर ह्यांनीं ह्याच पन्हळीची सुधारलेली आवृत्ति वापरून जें काम केलें, त्या क्षेत्राबद्दल त्यांस १९३२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पोकेल्सबाईंस त्याच वर्षीं आपल्या गांवच्या विद्यापीठाची सन्मान्य पदवी मिळाली. वय सत्तरीचें होतें. आमच्या ज्या शाळा ‘उपकरणें नाहींत’ म्हणून हात जोडून बसल्या आहेत, त्यांच्या आवारांत पत्र्याची पन्हळ मिळत नाहीं काय?

आतां एका साध्या प्रयोगाची हकीकत देतों. ती आम्हीं आमच्याच घरच्या ओट्यावर करून पाहिली आहे. प्लॅस्टिकची एक मोठी रिकामी बाटली घ्यावी. दाभण तापवून तिला बुडापासून पांच, पंधरा व पंचवीस सेंटिमीटर उंचीवर तीन सारखीं छिद्रें पाडावीं. ती ओट्यावर ठेवून पाणी तीस सेंटिमीटरांपर्यंत भरावें, व वरून हळूहळू ओतीत राहून ती पातळी कायम ठेवावी. कोणती धार ओट्यावर सर्वांत लांब पडेल? आमच्या घरीं जमलेल्या सात माणसांपैकीं सहांनीं खालची धार असें सांगितलें. सातवी आमची पुतणी, तिनें ‘पाहूं या’ म्हटलें. जुन्यानव्या अनेक शालेय पुस्तकांतील चित्रेंहि खालचीच धार लांब दाखवितात, कारण खोलीबरोबर दाब वाढतो हें त्यांना शिकवावयाचें असतें. प्रत्यक्षांत मधली धार सर्वांत लांब गेली, आणि वरची व खालची ह्या दोन्ही जवळजवळ एकाच ठिकाणीं पडल्या!

कारण उघड आहे, पण तें पाहिल्यावर उघड आहे. खालच्या छिद्रावर दाब अधिक म्हणून वेग अधिक, हें खरें. परंतु तेथून निघालेल्या धारेस ओट्यावर पडण्यापूर्वीं अवकाश फार थोडा मिळतो. वरच्या धारेस पडावयास वेळ भरपूर, पण वेग तुटपुंजा. पाण्याच्या पातळीपासून छिद्राची खोली आणि ओट्यापासून त्याची उंची, ह्या दोहोंच्या गुणाकाराचें वर्गमूळ काढून दुप्पट केलें म्हणजे धारेची लांबी येते. मधल्या छिद्रास ती तीस सेंटिमीटर, आणि वरच्या-खालच्या दोन्ही छिद्रांस सुमारें बावीस. आमच्या मोजणींत आंकडे थोडे कमी आले, कारण छिद्राच्या कडेशीं घर्षणांत कांहीं वेग जातो. तीच बाटली उंच स्टुलावर ठेवून पाणी जमिनीवर पडूं दिलें, तर खालची धार पुढें जाते. म्हणजे पुस्तकांतील चित्र सर्वस्वीं खोटें नाहीं, तें फक्त जागा सांगावयास विसरलें आहे. अर्धसत्य विधानाची उलटतपासणी कशी करावी ह्याचा ह्याहून चांगला धडा आम्हांस कायद्याच्या वर्गांतहि मिळाला नव्हता.

दुसरें उदाहरण आमच्याच घरचें. आमच्या लग्नकार्यांत घंगाळांत घटिकापात्र तरंगत ठेवण्याची चाल होती. तळाशीं बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी भरून बुडाली म्हणजे एक घटिका, अर्थात् चोवीस मिनिटें झालीं. आतां विचार करा: भरलेली टांकी खालच्या छिद्रानें रिकामी होऊं दिली तर पातळी उतरेल तशी धार मंदावते, इतकी कीं पहिलें तीन चतुर्थांश पाणी जावयास जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ उरलेला एक चतुर्थांश घेतो. असल्या टांकीवर सारख्या अंतराच्या खुणा करून वेळ मोजूं जाल तर फसाल. तरंगत्या पात्राची तऱ्हा निराळी. सरळ बाजूंचें पातळ पत्र्याचें डबडें घेतलें, तर बाहेरच्या व आंतल्या पाण्याच्या पातळींतील फरक डबड्याच्या स्वतःच्या वजनावर अवलंबून राहतो, आणि तें वजन बदलत नाहीं. म्हणून तो फरक कायम, छिद्रावरील दाब कायम, व पाणी आरंभापासून अखेरपर्यंत सारख्याच गतीनें आंत शिरतें. डबडें कलंडूं नये म्हणून बुडाशीं थोडें वजन चिकटवावें, आंत पट्टी उभी करावी, आणि हातांत घड्याळ घेऊन मुलानें स्वतः पाहावें. आर्किमिडीज आणि टॉरिचेल्ली ह्या दोघांची गांठ एका डबड्यांत पडते.

ह्यावर लगेच कोणी म्हणतील, बघा, आमच्या पूर्वजांस हें सारें ठाऊक होतें! त्यांस आमचें नम्र पण स्पष्ट उत्तर आहे. कात्रजच्या तलावापासून पुण्याच्या पेठांपर्यंत पेशवाईंत पाणी आणलें गेलें. मलिक अंबराच्या कारकीर्दींत औरंगाबादेस नहर-इ-अंबरी झाली, व तेथील पाणचक्की आजहि लोक पाहावयास जातात. हीं कामें करणाऱ्या कारागिरांस उतार किती द्यावा व नळांतील हवा कोठें सोडावी हें हातानें कळत होतें, ह्याविषयीं आम्हांस यथार्थ अभिमान आहे. परंतु त्यांनीं तें मोजून, लिहून, पुढच्यास तपासावयास दिलें काय? विद्या हाताबरोबर आली, आणि हाताबरोबर गेली. ज्यास देशाभिमान आहे त्यानें त्या कारागिराच्या हातास आज वही जोडून द्यावी. नुसत्या जयजयकारानें एक घागरहि भरत नाहीं.

व्यापारी वाचकांस वाटेल कीं हा विषय शाळामास्तरांचा, आपला काय संबंध? त्यांस एकच प्रश्न विचारतों. एक इंची नळाच्या जागीं अर्ध्या इंचाचे किती नळ घातले म्हणजे तितकेंच पाणी येईल? पुष्कळ जण दोन म्हणतील. जे थोडे शिकलेले ते क्षेत्रफळ काढून चार म्हणतील. लांब नळांत खरें उत्तर पांच ते सहा आहे, कारण अरुंद नळांत भिंतीचें घर्षण प्रमाणाबाहेर वाढतें. दहा-दहा मीटरांचे दोन नळ एकाच टांकीस जोडून, बादली व घड्याळ घेऊन हें अर्ध्या तासांत सिद्ध होतें. उलट बाजूनें पाहिलें तर, तितकेंच पाणी दुप्पट व्यासाच्या नळांतून नेलें असतां घर्षणांत वायां जाणारा जोर सुमारें बत्तिसावा हिस्सा उरतो. ज्या शेतकऱ्यानें चार पैसे वांचविण्यासाठीं मोठ्या पंपास अरुंद नळ जोडला, तो ते चार पैसे विजेच्या रूपानें वर्षानुवर्ष भरीत राहतो. त्याचा शेजारी खोल विहिरीच्या कांठावर पंप बसवून, पाणी कां चढत नाहीं म्हणून मिस्त्रीस शिव्या देतो. बिचाऱ्या मिस्त्रीचा दोष नसतो. ओढणारा पंप पाणी ओढीत नाहीं, बाहेरची हवा तें ढकलते. आणि हवेची शक्ति समुद्रकिनाऱ्यावरसुद्धां दहा मीटरांच्या थोडी वर संपते, व्यवहारांत सात-आठांपलीकडे भरंवसा धरवत नाहीं. ही अडचण गॅलिलिओनें आपल्या १६३८ च्या ग्रंथांत नोंदविली आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप अचूकपणाचा: बाटल्या-डबड्यांनीं आलेलीं मापें चुकतात. चुकतात खरीं, आणि तोच त्यांचा गुण आहे. पत्र्यास धारदार कडेचें छिद्र पाडून पाणी मोजलें, तर सूत्रानें येणाऱ्या शंभर भागांपैकीं साठ-बासष्टच भाग बादलींत पडतात. हा मुलगा गोंधळतो, पुनः मोजतो, मग धारेकडे निरखून पाहतो, तों छिद्राबाहेर पडतांच ती आकसते असें त्यास दिसतें. हें आकसणें ज्यानें पाहिलें, तो तो आंकडा जन्मांत विसरणार नाहीं. उतरवलेल्या वहींत मात्र प्रत्येकाचें उत्तर नेमकें ०.६२ येतें, आणि शंभर साक्षीदारांची जबानी अक्षरशः एक आली म्हणजे न्यायाधीशास काय वाटतें हें आम्हीं सांगावयास नको.

दुसरा आक्षेप नवा आहे: आतां संगणकाच्या पडद्यावर सर्व प्रवाह दाखवितां येतात, मग हात कशाला ओले करावयाचे? पडद्याचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पडद्यावरचें पाणी सूत्रानें सांगितल्याप्रमाणेंच वागतें. तें कधीं कोणास खोटें पाडीत नाहीं. आमच्या ओट्यावरच्या पाण्यानें सहा माणसांस खोटें पाडलें. तथापि मोठीं यंत्रें मुळींच नकोत असेंहि कोणी समजूं नये. पंपाच्या पात्यांवर होणारी झीज किंवा उच्च दाबाचे नळ हे बाटलीचे विषय नव्हत. आणि हौसेच्या भरांत पाऱ्याचा दाबमापक घरीं करूं नये. पारा विषारी आहे, रंगीत पाण्यानें काम भागतें. तरीहि लक्षांत ठेवावें कीं, खडकवासल्यास १९१६ पासून चालत आलेली जी जलसंशोधनाची मध्यवर्ती संस्था आहे, ती तरी काय करते? धरण बांधण्यापूर्वीं त्याची व नदीची लहान प्रतिकृति करून तींत पाणी सोडते. शंभरावा हिस्सा आकाराच्या प्रतिकृतींत वेग दहावा हिस्सा धरावा, असा त्याचा हिशेब आहे. थोर कामाची परीक्षा लहान भांड्यांत करणें ह्यांत कमीपणा असता, तर तेथील अभियंत्यांनीं तें कधींच सोडलें असतें.

हें आपल्या देशांत होण्यासारखें नाहीं असेंहि म्हणतां येत नाहीं, कारण तें होऊन गेलें आहे. मध्यप्रदेशांत होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ मध्यें सोळा शाळांपासून विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. मुलांनीं टोळ्या करून स्वतः प्रयोग करावे, परीक्षेंत पुस्तक जवळ ठेवावें व प्रात्यक्षिक करून दाखवावें, अशी तेथील रीत होती. पुढें १९८२ पासून एकलव्य ह्या संस्थेनें तो सांभाळला, व तो पुष्कळ शाळांत पसरला. २००२ मध्यें राज्य सरकारनें तो बंद केला. तीस वर्षें जमलेली विद्या एका हुकुमासरशीं उठवितां येते, ही त्यांतील शिकण्यासारखी गोष्ट आहे. तिची मुळें शाळांच्या बाहेर, गांवच्या लोकांत, किती खोल गेलीं होतीं ह्यावर तिचें आयुष्य ठरतें. पुण्यास आयुकाच्या मुक्तांगण शोधिकेंत अरविंद गुप्ता ह्यांनीं २००३ पासून दहाएक वर्षें काडेपेट्या, नळ्या व टाकाऊ बाटल्यांचीं जीं खेळणीं केलीं, तीं पाहावयास मुलांची गर्दी होई. सरकारनें २०१८ मध्यें त्यांस पद्मश्रीहि दिली. परंतु परीक्षेच्या कागदावर त्या खेळण्यांस आजवर किती गुण मिळाले?

मुख्य गांठ आहे ती परीक्षेंत. जोंवर वहीस गुण आहेत आणि हातास नाहींत, तोंवर यंत्र महाग असो वा स्वस्त, मुलगा वहीच उतरवील. आणि आमच्या मतें तो त्यांत शहाणपणच करतो. विद्यापीठानें असें करावें कीं, परीक्षेच्या दिवशीं प्रत्येक विद्यार्थ्यापुढें मोजमाप न सांगितलेली एक नळी, एक बादली आणि एक घड्याळ ठेवावें, व त्या नळींतून किती पाणी कां जातें हें त्यानें आपल्या मापांवरून सांगावें. मापांचा कागद तेथेंच, खाडाखोडीसकट, परीक्षकानें सही करून घ्यावा. खाडाखोड नसलेला कागद संशयास्पद मानावा. बाहेरून परीक्षक आणावयाचा तो नगरपालिकेच्या पाणीखात्यांतील एखादा जुना फिटर आणला तरी आमची हरकत नाहीं; त्याला फसविणें प्राध्यापकास फसविण्याहून अवघड जाईल.

व्यापारी मंडळींकडून वर्गणी नको आहे. नळांच्या दुकानांत कापून उरलेले तुकडे पडून असतात. औषधांच्या दुकानांत सलाइनची नवी नळी मिळते, तिची चिमटीची चकती प्रवाह कमीअधिक करण्यास फार सोयीची असते, व रेनल्ड्सच्या प्रयोगांतील शाईची बारीक धार तिनें उत्तम सोडतां येते. तेलाच्या व्यापाऱ्यास एरंडेलाची एक बाटली जड नाहीं, तींत सायकलीचे लहानमोठे छरे सोडून मोठा किती पट लौकर बुडतो हें मुलांस पाहतां येतें. तेल हिंवाळ्यांत मापांतून सावकाश पडतें आणि वैशाखांत भरभर, हें ज्या दुकानदारास बापजाद्यांपासून ठाऊक आहे, त्यानें एक दिवस शाळेंत जाऊन तें सांगितलें तरी वर्गास श्यानतेचा अर्थ कळेल.

महाविद्यालयांच्या पुढील वर्षाच्या उपकरणखरेदीच्या याद्या सत्र संपण्यापूर्वीं तयार होतात. त्या यादींत लाखाच्या यंत्राखालीं एक ओळ अधिक घालावी: बादल्या बारा, नळ्या निरनिराळ्या व्यासांच्या, घड्याळें सहा, मोजपट्ट्या बारा. लेखापरीक्षकानें ह्या ओळीस हरकत घेतल्यास त्याचें उत्तर लिहून देण्यास आम्ही, कोणतेंहि मेहनताना न घेतां, तयार आहों.